‘आथि’ म्हणजे ‘आहे’ काय?

१

ज्ञानेश्वरीच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच जे शब्द पाठ होतात, त्यांत ‘आथि’ किंवा ‘आथी’ हा एक आहे. पाठ्य आवृत्तीच्या टीपेत त्याच्यापुढे ‘आहे’ एवढाच अर्थ दिलेला असतो. पंढरपुरातील फडांवर आणि मठांतून चालणाऱ्या निरूपणांतही ‘आथि म्हणजे आहे’ असे सांगून निरूपणकार पुढच्या चरणाकडे वळतात. श्रोत्यांची त्यामुळे अडचण होत नाही, आणि निरूपणाच्या दृष्टीने एवढा अर्थ पुरेसाही आहे. परंतु जो अर्थ निरूपणास पुरतो तो भाषाभ्यासास पुरेलच असे नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी जेव्हा ‘आथि हे आहे या क्रियापदाचे जुने रूप’ असे उत्तरपत्रिकेत लिहितो, तेव्हा टीपेतील अर्थाचे रूपांतर नकळत व्युत्पत्तीत झालेले असते, आणि ती व्युत्पत्ती चुकीची असते.

मराठीतील सत्तावाचक क्रियापदांचा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ‘आथि’ आज लुप्त आहे. ‘आहे’ आणि ‘असणे’ रोजच्या वापरात आहेत. पण या तिघांचे कूळ एक की अनेक, हे ठरल्याशिवाय प्राचीन ग्रंथांतील काही महत्त्वाच्या शब्दांचा नेमका अर्थ लागत नाही, आणि आजच्या मराठीत ‘आहे’ व ‘असतो’ असा जो भेद आपण बोलताना सहज पाळतो त्याचे मूळही कळत नाही. प्रस्तुत लेखात या तीन क्रियापदांची उत्पत्ती आणि रूपे तपासावयाची आहेत. त्यासाठी लॅटिनमधील एका अतिविरळ क्रियापदाची तुलना उपयोगी पडते, म्हणून तिचाही विचार केला आहे. मुख्य प्रतिपादन असे की ‘आथि’, ‘असे’ आणि ‘आहे’ ही एका क्रियापदाची कालक्रमाने बदललेली रूपे नसून तीन स्वतंत्र शब्द आहेत, आणि टीपाकारांनी ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

२

प्रथम रूपांची स्थिती पाहू.

‘आहे’ याला केवळ वर्तमानकाळ आहे. मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत, एवढ्यावर त्याचे रूपचक्र संपते. जुन्या ग्रंथांत ‘आहासि’, ‘आहों’, ‘आहाति’ अशी रूपे येतात, पण तीही वर्तमानाचीच. या धातूचे भूतकाळी, भविष्यकाळी वा कृदंत रूप नाही. ‘आहणे’ असे भाववाचक नामही कोणी वापरीत नाही. निषेधार्थी ‘नाही’ हे त्याचेच ‘न’ लागून झालेले रूप आहे, आणि तेही नाहीस, नाहीत असे पुरुष व वचन दाखविते.

‘असणे’ याची स्थिती याच्या उलट आहे. असतो, असेल, असावा, असला, असून, असता, असो अशी बहुतेक सर्व रूपे त्याला आहेत. त्याचा जुना वर्तमान ‘असे’ आज ‘तो रोज देवळात येत असे’ यासारख्या वाक्यांत रीतिभूतकाळाचे काम करतो. सामान्य भूतकाळ मात्र या दोन्ही क्रियापदांना उसना घ्यावा लागतो. ‘होता’ हे रूप ‘भू’ धातूचे आहे, आणि ते ‘होणे’ याच्या कुळातील आहे.

तिसरे ‘आथि’. त्याचे एकच तिङन्त रूप आहे. त्याच्या जोडीला निषेधार्थी ‘नाथि’, आणि ‘ला’ प्रत्यय लागून झालेली ‘आथिला’ व ‘नाथिला’ ही विशेषणे. ‘आथिला’ म्हणजे युक्त, संपन्न. ‘नाथिला’ म्हणजे ज्याला अस्तित्व नाही असा. एवढ्या शब्दांत या क्रियापदाचा सर्व संसार आटोपतो.

भीमाकाठच्या अगदी जुन्या मराठीत सत्तावाचक क्रियापदांपैकी काय सापडते, असा प्रश्न येथे साहजिक उद्भवतो. भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा जो कोरीव लेख आहे, त्याचा शेवट ‘होणे’ याच्या एका रूपाने होतो. वाचणारा विजयी होईल असा त्याचा आशय आहे. पंढरपूरच्या मंदिरातील चौऱ्याऐंशीचा लेख शके ११९५ ते ११९९ या काळातील, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या अगदी आधीचा आहे. पण तो मुख्यतः देणगीदारांच्या नावांचा व देणग्यांचा असल्याने क्रियापदाच्या अभ्यासकाच्या पदरात त्यातून थोडेच पडते. शिलालेखांचा हा स्वभावच आहे. म्हणून या विषयात मुख्य भिस्त हस्तलिखित ग्रंथपरंपरेवर ठेवावी लागते.

३

‘आथि’ याची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. संस्कृत ‘अस्ति’, प्राकृत ‘अत्थि’, मराठी ‘आथि’. मस्तक, मत्थअ, माथा आणि पुस्तिका, पोत्थिआ, पोथी या मालिकांत ‘स्त’चा ‘त्थ’ आणि त्याचा पुढे ‘थ’ होतो, तसाच येथे झाला आहे. द्वित्व गेले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ झाला.

रूपाची व्युत्पत्ती सोपी असली तरी रूपचक्राचा इतिहास विचार करण्याजोगा आहे. संस्कृतातच ‘अस्’ हा धातू अपुरा आहे. आर्धधातुक प्रत्ययांपूर्वी ‘अस्’च्या जागी ‘भू’ येतो, असे पाणिनीने सांगितले आहे (२.४.५२); म्हणजे भविष्य, तुमन्त, तव्यान्त ही सर्व रूपे ‘भू’कडून घ्यावयाची. वर्तमानातही ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ असा स्वराचा भेद आहे, कित् व ङित् प्रत्ययांपुढे ‘अस्’मधील अकाराचा लोप होतो, हेही पाणिनीने नोंदविले आहे (६.४.१११). प्राकृतात या धातूची आणखी झीज झाली. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात (८.३.१४८) वर्तमानाच्या सर्व प्रत्ययांसह ‘अस्’ला ‘अत्थि’ असा आदेश सांगितला आहे. म्हणजे ‘तो अत्थि’, ‘ते अत्थि’, ‘मी अत्थि’ अशी सर्व पुरुषांत आणि दोन्ही वचनांत एकच रूप चालू लागले होते. प्रथम पुरुष एकवचनाचा प्रत्यय त्या रूपाच्या पोटात होता, पण बोलणाऱ्याला तो जाणवत नव्हता. ‘अत्थि’ हे क्रियापद राहिले, परंतु त्याचे चलन थांबले.

याचा जिवंत पुरावा शेजारच्या गुजरातीत आहे. ‘नास्ति’, ‘नत्थि’ यांपासून आलेले ‘नथी’ हे रूप गुजराती माणूस आजही प्रत्येक वाक्यात वापरतो, आणि ते सर्व पुरुषांत व वचनांत न बदलता चालते. हेमचंद्र स्वतः गुजरातेत बाराव्या शतकात लिहीत होता. त्याने ‘अत्थि’बद्दल नोंदविलेली अचलता त्याच्याच प्रदेशाच्या भाषेत ‘नथी’च्या रूपाने आठशे वर्षे टिकून आहे.

मराठीत मात्र ‘आथि’ व ‘नाथि’ ही दोन्ही मेली. याचे कारण त्यांचे अपुरेपण असे सामान्यतः सांगितले जाते. ज्याला रूपे नाहीत ते टिकावयाचे कसे? हे कारण मला पटत नाही. मराठीत अपुरी क्रियापदे भरपूर आहेत आणि ती धडधाकट आहेत. ‘पाहिजे’ हे मूळचे ‘पाहणे’ याचे कर्मणि रूप. त्याचा मूळ अर्थ विसरला गेला, पण ‘पाहिजेत’ असे अनेकवचन त्याने मिळविले आणि ते आजही जिवंत आहे. ‘नको’ याचे ‘नकोस’, ‘नका’, ‘नकोत’ झाले. ‘नये’ याचे ‘नयेत’ झाले. म्हणजे थिजलेल्या रूपाला दुसऱ्या क्रियापदांच्या अनुकरणाने नवे प्रत्यय लावून चालते करण्याची शक्ती मराठीत आहे. ‘आथि’ला ही शक्ती का मिळाली नाही, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर ‘आथिला’ या शब्दात आहे. ‘आथि’ला नवा प्रत्यय मिळाला, पण तो ‘स’ किंवा ‘त’ असा पुरुषवचनाचा नव्हे. तो ‘ला’ हा कृदंताचा होता. पूर्ण तिङन्त रूपाला, ‘अस्ति’ या सबंध पदाला, कृदंताचा प्रत्यय लागावा ही घटना विलक्षण आहे. ‘करी’ या रूपापासून ‘करीला’ असे विशेषण करण्यासारखेच ते आहे. पण त्यायोगे हे क्रियापद विशेषणांच्या कुळात गेले, आणि क्रियापदाची जागा ‘आहे’ने व्यापली. ‘आहे’ला आहेस, आहों, आहाति अशी पुरुषवचनाची रूपे आधीच होती. एका कामाला दोन शब्द असता जो कर्त्याची ओळख सांगतो तो राहतो, असे येथे दिसते.

‘आथिला’ याची दुसरी एक व्युत्पत्ती संभवते, तिचाही विचार केला पाहिजे. ‘अर्थ’ म्हणजे धन, प्राकृतात ‘अत्थ’, त्याला स्वामित्ववाचक ‘इल्ल’ लागून ‘अत्थिल्ल’ म्हणजे अर्थवान, संपन्न. ध्वनीच्या दृष्टीने ही मालिका निर्दोष आहे आणि ‘संपन्न’ हा अर्थही तीत सहज बसतो. परंतु ती स्वीकारली तर ‘नाथिला’ या जोडशब्दाची वाट लागत नाही. ‘अर्थ’ याचा निषेध ‘अनर्थ’ किंवा ‘निरर्थ’ असा होतो. नामाला नुसता ‘न’ जोडण्याची मराठीची रीत नाही. ‘न’ जोडला जातो तो क्रियापदाला: नाही, नव्हे, नये, नेणे, नलगे. ‘नाथिला’ यातील ‘न’ हा क्रियापदाचा निषेध आहे, आणि ‘नाथि’ हे रूप स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. तेव्हा ‘नाथिला’ ‘नास्ति’पासून आणि त्याचा जोडीदार ‘आथिला’ ‘अस्ति’पासून, हेच सयुक्तिक. ‘संपन्न’ हा अर्थ ‘ज्याच्यापाशी आहे तो’ यावरून येतो; त्याला ‘अर्थ’ शब्दाच्या साहचर्याने बळ मिळाले असेल, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

४

आता ‘असणे’. हे क्रियापद संस्कृत ‘अस्’पासून आले, असे शालेय व्याकरणे सांगतात. ‘अस्’ आणि ‘असणे’ यांतील साम्य इतके उघड आहे की शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. साम्य उघड असले म्हणजे परंपरा सिद्ध झाली, ही समजूत मात्र व्युत्पत्तिशास्त्रात फार घातक ठरलेली आहे.

पालीत दोन निरनिराळी क्रियापदे आहेत: ‘अत्थि’ म्हणजे आहे, आणि ‘अच्छति’ म्हणजे बसतो, राहतो, असतो. प्राकृतातही ‘अत्थि’ आणि ‘अच्छइ’ अशी जोडी चालू राहिली. यांपैकी ‘अच्छइ’चा वंश भरभराटीस आला. बंगालीतील ‘आछे’, ओडियातील व मैथिलीतील ‘अछि’, गुजरातीतील ‘छे’ ही त्याचीच अपत्ये मानली जातात. मराठीत ‘च्छ’चा ‘स’ होतो, हा सर्वमान्य नियम आहे: मच्छ, मासा; उच्छु, ऊस; पिच्छ, पीस; पुच्छइ, पुसे. त्या नियमाने ‘अच्छइ’चे ‘असे’ होणे क्रमप्राप्त आहे. ‘अच्छभल्ल’ या प्राकृत शब्दापासून ‘अस्वल’ झाला, त्यातही हेच ध्वनिपरिवर्तन आहे.

एक अडचण राहते. ‘मच्छ’चे ‘मासा’ होताना स्वर दीर्घ झाला. ‘अच्छइ’चे ‘आसे’ का झाले नाही? उलट ‘असति’ अशा एखाद्या अकारान्त रूपावरून व्युत्पत्ती केली तर ऱ्हस्व ‘अ’ सुखाने मिळतो. हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही.

येथे मला माझी एक चूक नमूद केली पाहिजे. पंढरपूर परिसरातील ग्रामीण बोलीत ‘आसंल’, ‘आसतंय’, ‘आसू द्या’ अशी दीर्घ स्वराची रूपे सर्रास ऐकू येतात. ही रूपे म्हणजे ‘अच्छइ’च्या दीर्घ स्वराचा टिकलेला पुरावा, असे मी काही वर्षे वर्गात सांगत असे. एके दिवशी मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने शंका विचारली, ‘आसं कसं आसंल, सर?’ वाक्य ऐकताच माझा पुरावा कोसळला. त्या वाक्यातील पहिले ‘आसं’ म्हणजे ‘असे’, ‘ऐसे’. त्याचा ‘अच्छइ’शी काडीचा संबंध नाही, तरीही त्यात स्वर दीर्घच आहे. म्हणजे शब्दारंभीचा ‘अ’ दीर्घ उच्चारणे ही या बोलीची सामान्य प्रवृत्ती आहे, आणि तीवरून एका क्रियापदाचे कूळ ठरविणे अप्रयोजक आहे. बोलीचा पुरावा घेताना तो शब्द एकटा घेऊ नये, बोलीच्या सर्व ध्वनिव्यवस्थेसह घ्यावा, हा धडा मी त्या प्रश्नावरून घेतला.

योग्य पुरावा कोकणीत आहे. कोकणीत ‘आहे’ या अर्थी ‘आसा’ हे क्रियापद आहे, त्याचा आद्य स्वर दीर्घ. पण ‘अशा प्रकारचे’ या अर्थी ‘अशें’, त्याचा आद्य स्वर ऱ्हस्व. ज्या भाषेत हे दोन शब्द स्वराने वेगळे राहिले, तेथे क्रियापदाचा दीर्घ स्वर सहेतुक मानावा लागतो. तो मागील द्वित्वाची भरपाई आहे. मराठीत तो ऱ्हस्व झाला याचे कारण सहायक क्रियापदावर आघात नसणे हे होय. याला गुजरातीचा आधार आहे. ‘नत्थि’चे नियमाप्रमाणे ‘नाथी’ व्हावयास हवे होते, आणि जुन्या मराठीत ‘नाथि’ झालेही. पण गुजरातीत वाक्यातील निराघात स्थानामुळे ‘नथी’ असा ऱ्हस्व स्वर आला. जी गोष्ट तेथे ‘नत्थि’ची झाली तीच येथे ‘अच्छइ’ची झाली.

दुसरे असे की ‘असति’ हे रूप आणावयाचे कोठून? ‘अस्’चे रूपचक्र प्राकृतात आटत आटत ‘अत्थि’ या एका रूपावर आले, हे आपण पाहिले. आटलेल्या ओढ्यातून ‘असतो, असेल, असावा, असून’ असा भरला प्रवाह निघाला असे मानण्यापेक्षा, जे क्रियापद प्राकृतात सर्व रूपांनी नांदत होते त्याच्यापासून तो निघाला असे मानणे अधिक युक्त.

५

मग ‘अच्छइ’ स्वतः कोठून आले? हेमचंद्राने (८.४.२१५) गम्, इष्, यम् आणि आस् या चार धातूंच्या अंत्य वर्णास ‘छ’ आदेश सांगितला आहे, म्हणजे त्याच्या मते ‘अच्छइ’ हे ‘आस्’, बसणे, याचे रूप. अर्थ चांगला जुळतो. पण हा आदेश आहे, ध्वनिपरिवर्तन नव्हे. ‘आस्ते’चे ‘अच्छइ’ कसे झाले हे त्यावरून कळत नाही.

येथे लॅटिनचा संबंध येतो. लॅटिनमध्ये ‘असणे’ या अर्थाचे रोजचे क्रियापद ‘एस्त्’, अनेकवचनी ‘सुन्त्’, हे संस्कृत ‘अस्ति’, ‘सन्ति’ यांचे सख्खे भावंड आहे. एकवचनात स्वर आहे आणि अनेकवचनात नाही, हा बारकावाही दोहोंत समान आहे. त्याचा भूतकाळ ‘फुई’ हा ‘भू’ धातूचा. म्हणजे ‘अस्’ने सोडलेली जागा ‘भू’ने भरावी, हा पाणिनीने नोंदविलेला व्यवहार रोमनांच्या भाषेतही होता. या दोहोंखेरीज लॅटिनमध्ये एक तिसरे, अतिविरळ क्रियापद आहे: ‘एस्कित्’. रोमच्या द्वादश पट्ट नावाच्या प्राचीन कायद्यात, ज्याचा काळ परंपरेने इ. स. पू. ४५१–४५० मानतात, ते येते. न्यायासनापुढे बोलावलेल्या माणसाला आजार किंवा वार्धक्य यांची अडचण ‘असेल’ तर बोलावणाऱ्याने त्याला वाहन द्यावे, आणि मृत्युपत्र न करता मेलेल्यास स्वतःचा वारस ‘नसेल’ तर जवळच्या सपिंडास संपत्ती मिळावी, अशा अर्थाच्या कलमांत हे क्रियापद आहे. सिसरोने आपल्या कायदेविषयक ग्रंथात जुन्या धाटणीची कलमे रचताना ‘एस्कुन्त्’ असे अनेकवचन वापरले. कवी लुक्रेशियसने एके ठिकाणी ‘एस्कित्’ मुद्दाम जुना शब्द म्हणून घेतला. या दोन रूपांखेरीज उपसर्ग लागलेली एकदोन रूपे कोशकारांनी जतन केली आहेत. एवढेच त्याचे रूपचक्र.

त्याची घटना स्पष्ट आहे. ‘एस्’ या धातूला ‘स्क्’ हा विकरण प्रत्यय लागला आहे. हाच प्रत्यय संस्कृतात ‘च्छ’ या रूपाने येतो: गच्छति, इच्छति, पृच्छति. लॅटिनमधील ‘पोस्कित्’, मागतो, हे ‘पृच्छति’चेच भावंड आहे. तेव्हा ‘अस्’ला ‘च्छ’ लागून ‘अच्छति’ झाले, आणि पालीतील ‘अच्छति’ म्हणजे लॅटिन ‘एस्कित्’ आणि होमरच्या ग्रीकमधील ‘एस्के’, अशी मोहक कल्पना पुढे आली यात नवल नाही. ती खरी असती तर पंढरपूरच्या ‘आसंल’ला रोमच्या कायद्यात भाऊ मिळाला असता.

परंतु कल्पना मोहक असली तरी ती स्वीकारण्यात अडचण आहे. ‘च्छ’ विकरणापूर्वी संस्कृतात धातू क्षीण होतो: ‘गम्’चा ‘ग’ उरतो, ‘प्रच्छ्’चा ‘पृच्छ्’ होतो. ‘अस्’ क्षीण झाला की त्याचा अकार जातो, हे ‘सन्ति’वरून ठाऊक आहे. मग ‘अच्छति’तील ‘अ’ आला कोठून? लॅटिनने तो स्वर ‘एस्त्’वरून परत आणला असे म्हणता येते, कारण तेथे ‘एस्त्’ सदैव जिभेवर होते आणि अर्थही त्याच्या लगतचा, ‘होईल, असेल’ असा होता. पालीत मात्र ‘अच्छति’चा अर्थ ‘बसणे, राहणे’ असा वेगळा आहे. शिवाय वेदात आणि अभिजात संस्कृतात अशा रूपाचा मागमूस नाही.

सर राल्फ टर्नर यांनी १९३६ साली या प्रश्नावर सविस्तर निबंध लिहून ‘अच्छति’ची व्युत्पत्ती वैदिक ‘आ-क्षेति’, म्हणजे वस्ती करतो, निवास करतो, अशी दिली. ‘क्ष’चा ‘च्छ’ होणे नियमित आहे; संयोगापूर्वी ‘आ’ ऱ्हस्व होणेही नियमित आहे; क्रियापद वेदात प्रत्यक्ष आढळते; आणि ‘राहणे’पासून ‘असणे’कडे अर्थ सरकणे तर आपल्या रोजच्या अनुभवाचे आहे. ‘करीत राहिला’, ‘बोलत राहिला’ यांत ‘राहणे’ असेच सहायक झाले आहे. ध्वनी, आधार आणि अर्थ या तिन्ही कसोट्यांवर ही व्युत्पत्ती इतरांपेक्षा सरस उतरते.

६

‘आहे’विषयी येथे थोडक्यात एवढेच सांगावयाचे की ते वरील दोहोंपैकी कोणाचेही रूप नाही. ‘त्थ’चा मराठीत ‘थ’ किंवा ‘त’ होतो, ‘ह’ होत नाही. म्हणून ‘अत्थि’चे ‘आहे’ होणार नाही. ‘च्छ’चा ‘स’ होतो, ‘ह’ होत नाही. म्हणून ‘अच्छइ’चेही ‘आहे’ होणार नाही. ‘ह’ येण्याचे दोन मार्ग संभवतात. एक ‘स’पासून, जसे ‘दश’चे ‘दहा’. त्या मताने ‘आहे’ हे अवधीतील ‘अहइ’ व सिंधीतील ‘आहे’ यांच्या जवळचे ठरते, पण अन्यत्र मराठी ‘स’ टिकवून धरते हा आक्षेप राहतो. दुसरा ‘भ’पासून, ‘आ-भवति’ या वाटेने. तेथे ‘ह’ नियमित, पण ‘होय’मधील ओकार ‘आहे’त का नाही, हा आक्षेप राहतो. कोणताही मार्ग धरला तरी ‘आथि’चे ‘आहे’ झाले या समजुतीस त्यात जागा नाही.

७

आता टीपाकारांकडे वळू. द्वादश पट्टांचे मूळ नष्ट झाले. आज आपणांस कलमे मिळतात ती नंतरच्या लेखकांनी दिलेल्या अवतरणांतून. ही अवतरणे उतरविताना शब्दांची रूपे काळानुसार बदलली, पण ‘एस्कित्’ काही ठिकाणी टिकले, कारण कायद्याच्या शब्दाला हात लावण्यास लोक कचरत. फेस्टसच्या कोशाचा जो संक्षेप उरला आहे, त्यात ‘एस्कित्’पुढे ‘एरित्’, म्हणजे ‘असेल’, एवढाच अर्थ आहे. ही टीप उपयुक्त होती. तिच्यावरून ‘एस्कित्’ हे ‘एरित्’चे जुने रूप ठरविले असते, तर मात्र लॅटिनच्या इतिहासातील एक दुवा नाहीसा झाला असता.

ज्ञानेश्वरीची स्थिती काहीशी अशीच आहे. शके १२१२ मध्ये रचलेल्या या ग्रंथाच्या पाठात भेसळ झाली म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. राजवाडे यांनी १९०९ साली जी प्रत छापली तिला ते एकनाथपूर्व मानीत, आणि तिच्या आधारे त्यांनी त्याच वर्षी ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले. पाठांच्या या दीर्घ प्रवासात सोप्या शब्दाने कठीण शब्दाला हटविण्याचा धोका सतत होता. ‘आथि’ची अक्षरसंख्या आणि ‘आहे’ची अक्षरसंख्या सारखी, ओवीला धक्का न लावता एकाच्या जागी दुसरे बसविता येते. तरीही ‘आथि’ टिकले, याचे श्रेय ग्रंथाच्या पूज्यतेला आहे. लिपिकारांनी जे जपले ते टीपेत आपण एका बरोबरीच्या चिन्हाने पुसून टाकू नये.

हा केवळ शब्दाभिमानाचा प्रश्न नाही. ‘नाथिले’ हा शब्द घ्या. अद्वैताच्या निरूपणात तो जगदाभासासंबंधी येतो. टीपांत त्याचा अर्थ ‘खोटे’, ‘मिथ्या’, ‘नसते’ असा दिलेला आढळतो. ‘खोटे’ या शब्दात आज फसवणुकीचा, नैतिक दोषाचा सूर आहे. ‘नास्ति’वरून आलेल्या ‘नाथिले’ यात तो सूर नाही. ज्याच्याविषयी ‘अस्ति’ म्हणता येत नाही, इतकेच तो शब्द सांगतो. वाचकाने ‘खोटे’ असा अर्थ मनात धरला की जग हे कोणी केलेली लबाडी ठरते. ‘अस्तित्व नसलेले’ असा धरला की तो सत्तेविषयीचा सिद्धान्त राहतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यातील अंतर सांगावयास नको.

आजच्या भाषेतही या भिन्न कुळांचा वारसा आहे. ‘पंढरपूर भीमेच्या काठी आहे’ आणि ‘आषाढीस पंढरपुरात गर्दी असते’ या दोन वाक्यांत ‘आहे’ व ‘असते’ यांची अदलाबदल कोणी मराठी माणूस करीत नाही. पहिल्यात नुसती स्थिती आहे. दुसऱ्यात पुनःपुन्हा येणारी, टिकून राहणारी स्थिती आहे. शालेय व्याकरण हा भेद काळाचा किंवा अर्थच्छटेचा म्हणून सांगते. ‘असणे’ मूळचे ‘निवास करणे’ असेल, तर ‘असते’मधील सातत्याचा अर्थ मागाहून चिकटलेला नसून मुळातलाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पालीत ‘अत्थि’ आणि ‘अच्छति’ यांत जो विवेक होता, तो आपण शब्द बदलून, पण भेद राखून, चालवीत आहोत. नुसत्या सत्तेचे काम ‘आथि’कडून ‘आहे’कडे गेले, निवासाचे काम ‘असणे’कडेच राहिले.

सारांश, संपादकांनी आणि अध्यापकांनी तीन गोष्टी कराव्या असे सुचवावेसे वाटते. ‘आथि’च्या टीपेत ‘आहे’ हा अर्थ जरूर द्यावा, पण सोबत ‘अस्ति’ हे मूळही द्यावे, म्हणजे अर्थाची व्युत्पत्ती होणार नाही. ‘आथिला’ व ‘नाथिला’ यांची टीप एकत्र, परस्परांच्या प्रकाशात द्यावी. आणि ‘असणे’ याची व्युत्पत्ती ‘अस्’ अशी सांगणे सोडून ‘अच्छइ’ हा प्राकृत टप्पा विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. आषाढीला या गावात कोकणापासून कर्नाटकापर्यंतच्या बोली एका वाळवंटात ऐकू येतात. ‘हाय’, ‘आहे’, ‘आसा’ हे शब्द कान देणाऱ्याला एका दिवसात मिळतात. ते नोंदवून घेताना मात्र प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतःचे घर विचारावे. सारखा दिसतो म्हणून त्याला शेजाऱ्याच्या घरी बसवू नये.